निर्वासित स्त्रियांचं प्रजनन आरोग्य आणि मानसिक आरोग्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छावणीत, निवारा केंद्रात किंवा अनोळखी शहरातल्या भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या निर्वासित स्त्रियांसोबत काम करणाऱ्या परिचारिका, सुईणी, आरोग्यसेविका, दुभाषी आणि स्वयंसेवकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. औषधांची मात्रा आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दिली आहे. तुमच्या देशाचे उपचार-नियम वेगळे असतील तर ते पाळा, आणि औषध देण्याचं काम प्रशिक्षित माणसाकडेच ठेवा.

घरदार सुटलेल्या माणसांना आधी अन्न, पाणी आणि छप्पर लागतं. बाळंतपण, पाळी, संततिनियमन हे घडी बसल्यावर पाहिलं तर चालणार नाही का?

नाही. हिशेब करून पाहा. जन्मदर हजारी 40 च्या आसपास असलेल्या दहा हजार लोकवस्तीत तीन महिन्यांत सुमारे 100 बाळंतपणं होतात. त्यातल्या 15 टक्के बायकांना जीवघेणी ठरू शकेल अशी गुंतागुंत होते, म्हणजे 15 जणी. 5 ते 15 जणींना सिझेरियन लागतं. तंबू उभे राहिले की नाही, याच्याशी या आकड्यांचा काही संबंध नाही. लोकसंख्येतल्या साधारण चौथ्या हिश्श्याच्या स्त्रिया प्रजननक्षम वयाच्या असतात, आणि पळापळीत त्यांच्या गोळ्या, तपासण्यांचे कागद, ओळखीची सुईण, आई, सासू सगळंच मागे राहिलेलं असतं.

हे जगाला उशिरा उमगलं. 1994 च्या कैरो लोकसंख्या परिषदेत निर्वासितांच्या प्रजनन आरोग्याचा हक्क स्पष्टपणे मांडला गेला. त्यानंतरच्या वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या संस्था आणि स्वयंसेवी संस्थांचा आंतरसंस्था गट स्थापन झाला. या गटाने आणीबाणीच्या पहिल्या दिवसापासून द्यायच्या किमान सेवांची यादी बांधली. इंग्रजी आद्याक्षरांवरून ती ‘मिस्प’ म्हणून ओळखली जाते. या सेवा शक्यतो 48 तासांत सुरू व्हाव्यात आणि तीन ते सहा महिन्यांत पूर्ण सेवांची आखणी व्हावी, अशी अपेक्षा आहे.

पहिल्या काही दिवसांत नेमकं काय उभं करायचं?

सर्वांत आधी एक जबाबदार माणूस नेमायचा. चार संस्था चार ठिकाणी तपासणी तंबू लावतात आणि रात्री रक्तस्राव होणाऱ्या बाईला कुठे न्यायचं हे कोणालाच ठाऊक नसतं, हा नेहमीचा घोळ असतो. मग पाच कामं सोबतच सुरू करायची : लैंगिक हिंसाचार रोखणं आणि पीडितेवर उपचार, एचआयव्ही व इतर लैंगिक संसर्गांना आळा, सुरक्षित बाळंतपण व नवजात बाळाची काळजी, नको असलेली गर्भधारणा टाळण्याची साधनं, आणि कायद्याच्या चौकटीत सुरक्षित गर्भपात. अर्धवट झालेल्या किंवा कोणाकडून तरी करवून घेतलेल्या गर्भपातानंतर रक्तस्राव किंवा ताप असेल तर कायदा काय म्हणतो याची चर्चा करत बसू नये. तो जीव वाचवण्याचा उपचार आहे आणि तो लगेच द्यायचा.

साहित्यासाठी संयुक्त राष्ट्र लोकसंख्या निधीचे तयार संच मिळतात. निरोध, घरच्या बाळंतपणाचं सामान, अत्याचारानंतरचे उपचार, गोळ्या-इंजेक्शनं हे संच दहा हजार लोकवस्तीला तीन महिने पुरतील असे असतात. आरोग्य केंद्रातल्या बाळंतपणाचे संच तीस हजारांसाठी, तर शस्त्रक्रिया आणि रक्त चढवण्याचे दीड लाखांसाठी. त्यामुळे मागणी नोंदवताना लोकसंख्या आणि महिने दोन्ही लिहायचे.

संच आला म्हणजे सेवा सुरू झाली असं होत नाही. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव रोखणारं ऑक्सिटोसिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवावं लागतं. पत्र्याच्या खोलीत उन्हात राहिलं तर त्याची ताकद जाते, आणि बाटलीकडे पाहून ते कळत नाही. इंजेक्शन दिलं तरी रक्त थांबत नाही, मग दोष बाईच्या अंगावर ढकलला जातो. शीतपेटी नसेल तर मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या किंवा उष्णतेत टिकणारं कार्बेटोसिन मागवा. दुसरी अडचण गाडीची. रुग्णवाहिका कागदावर चोवीस तास असते, पण रात्री चालक नसतो किंवा नाक्यावरून बाहेर पडायची परवानगी नसते. परवानगीचं पत्र आधीच घेऊन गाडीत ठेवा आणि एकदा मध्यरात्री खरोखर गाडी बोलावून पाहा.

दवाखान्यापर्यंत पोहोचणंच शक्य नसेल तर बाळंतपण कसं करायचं?

दिवस भरत आलेल्या प्रत्येक बाईच्या हाती आधीच स्वच्छ बाळंतपणाची पिशवी द्यावी : अंथरायला प्लास्टिकची चादर, साबण, हातमोजे, नाळ बांधायला दोन स्वच्छ दोऱ्या, कोरं पातं आणि बाळाला पुसून गुंडाळायला सुती कापड. पिशवी देताना ती उघडून प्रत्येक वस्तू कधी वापरायची ते दाखवा, नाहीतर साबण त्याच आठवड्यात कपडे धुवायला जातो. तो जाणारच, घरात दुसरा नसतो. म्हणून रोजच्या वापराचा साबण वेगळा द्या.

हात, योनीभोवतीचा भाग, अंथरूण, नाळ कापायचं पातं, नाळ बांधायचा दोरा आणि कापलेली नाळ या सहा गोष्टी स्वच्छ हव्यात. नाळेवर राख, शेण, तेल असं काही लावायचं नाही, ती कोरडी ठेवायची. जिथे असं काही लावायची पद्धत घट्ट रुजली आहे तिथे 7.1 टक्के क्लोरहेक्सिडिन डायग्लुकोनेट लावायला द्यावं. नुसतं ‘काही लावू नका’ सांगून ती पद्धत सुटत नाही.

बाळ बाहेर आल्यावर पोट चाचपून दुसरं बाळ नाही याची खात्री करायची आणि मग मिसोप्रोस्टॉलच्या 200 मायक्रोग्रॅमच्या तीन गोळ्या तोंडाने द्यायच्या. त्यानंतर थंडी वाजून ताप येऊ शकतो, तो उतरतो. याच गोळ्या बाळ व्हायच्या आधी दिल्या तर गर्भाशय फाटू शकतं, म्हणून त्या सोबत असणाऱ्या बाईकडून ‘बाळ आधी, गोळ्या नंतर’ हे वदवून घ्या. बाळ पुसून आईच्या उघड्या छातीवर ठेवायचं आणि तासाभरात अंगावर पाजायचं. अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं किंवा दिवसांआधी झालेलं बाळ दिवसातले 8 ते 24 तास त्वचेला त्वचा लावून ठेवायचं. काचपेटी नसलेल्या ठिकाणी बाळ जगवण्याचा याहून चांगला उपाय नाही.

कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

फडकं किंवा पॅड पाच मिनिटांच्या आत भिजणं. झटके. तीव्र डोकेदुखीसोबत डोळ्यांसमोर अंधारी किंवा चमकणं. ताप आणि अंथरुणातून उठवत नाही इतका अशक्तपणा. दुर्गंधी येणारा स्राव. कळा बारा तासांहून जास्त चालणं. अर्ध्या तासात वार न पडणं. बाळाची हालचाल थांबणं.

रक्तदाब 140/90 किंवा जास्त असेल आणि वरीलपैकी डोकेदुखी-अंधारी असेल, तर मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊनच पुढे पाठवावं. मोठ्या रुग्णालयापर्यंतच्या वाटेत झटका येऊन बाई दगावते, आणि ते औषध मात्र मागे केंद्राच्या कपाटात असतं.

छावणीतल्या गरोदर स्त्रियांच्या तपासणीत वेगळं काय पाहायचं?

पहिली भेट हीच कदाचित शेवटची, असं धरून चाला. उद्या ती पुढच्या गावी गेलेली असेल. त्यामुळे जे एका भेटीत उरकता येतं ते उरकायचं : रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही दाखवणारी बोटावरच्या रक्ताची चाचणी, धनुर्वाताची लस, लोह-फॉलिक ॲसिडच्या गोळ्या. सिफिलिस निघाला तर बेन्झाथिन पेनिसिलिनचं इंजेक्शन त्याच बैठकीत. ‘उद्या या’ म्हटलं की संधी गेली.

दंडाचा घेर 23 सेंटिमीटरपेक्षा कमी असेल तर पूरक आहाराच्या यादीत नाव घाला, 21 पेक्षा कमी असेल तर तातडीने. मिळालेला आहार घरी गेल्यावर मुलांमध्ये वाटला जातो, हे गृहीत धरून घरातल्या मुलांचीही नोंद करा.

कावीळ दिसली तर ती हलक्यात घेऊ नका. दूषित पाण्यातून पसरणाऱ्या हेपॅटायटिस ‘ई’च्या साथी छावण्यांमध्ये येतात. बाकीच्यांना तो आजार बहुधा आपोआप सोडून जातो, पण शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांमध्ये 20 ते 25 टक्क्यांपर्यंत मृत्यू होऊ शकतात.

याच भेटीत झोप, भूक आणि मन यांबद्दल दोन प्रश्न विचारा : गेल्या दोन आठवड्यांत सतत उदास किंवा हताश वाटलं का? कशातच मन लागत नाही असं झालं का? यासाठी वेगळा विभाग लागत नाही. उलट ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी लावलेल्या वेगळ्या तंबूत शिरताना सगळी वस्ती पाहते, म्हणून बायका तिकडे फिरकत नाहीत. पोट तपासायला मात्र त्या येतात. मनाची विचारपूस करायची जागा तीच.

पाळीच्या काळात काय लागतं?

स्फीअर या मानवतावादी मानकांनुसार दर महिन्याला एकदा वापरायचे 15 पॅड, किंवा वर्षाला धुऊन वापरायचे 6 पॅड, किंवा वर्षाला चार चौरस मीटर शोषक सुती कापड. सोबत वर्षाला 6 चड्ड्या आणि दर महिन्याला 250 ग्रॅम जादा साबण. धुऊन वापरायचे पॅड देत असाल तर ते उन्हात वाळवायला आडोसा आहे का ते आधी पाहा. नसेल तर ते गादीखाली दमट राहतात, आणि मग खाज, पुरळ, संसर्ग. काय वापरायची सवय आहे हे बायकांनाच विचारून खरेदी करा.

संडासांबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण शरीर आणि मन दोन्हींची गाठ इथे पडते. वीस माणसांमागे एक संडास, पुरुषांच्या एका संडासामागे स्त्रियांचे तीन, राहत्या जागेपासून 50 मीटरच्या आत, आतून कडी आणि वाटेवर दिवा, असं मानक सांगतं. यातली कडी आणि दिवा राहून गेले की काय होतं? अंधारात जायची भीती वाटते, म्हणून बाई दुपारनंतर पाणी पिणं कमी करते आणि लघवी रात्रभर धरून ठेवते. लघवीच्या मार्गात संसर्ग होतो. ती गरोदर असेल तर त्यातून मूत्रपिंडाला सूज आणि अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ शकते. झोप उडालेली असतेच. दवाखान्यात प्रतिजैविकं मिळतात, ती बरी होते आणि पुढच्या महिन्यात तीच तक्रार घेऊन परत येते. अशा रुग्ण वारंवार दिसू लागल्या तर त्या कोणत्या भागात राहतात ते वहीत पाहा आणि तिथले संडास संध्याकाळनंतर जाऊन बघा. कडीला खर्च नगण्य येतो.

पाळी थांबली आहे, पण दिवस गेलेले नाहीत. हे कशाने?

आधी गर्भचाचणी करून घ्या. ती नकारात्मक असेल तर उपासमार, वजन घटणं, तीव्र ताण किंवा संततिनियमनाचं इंजेक्शन ही कारणं असू शकतात. अंगावर पाजणाऱ्या आईचीही पाळी लांबते. बऱ्याच जणींना आता मूल होणारच नाही अशी धास्ती बसते, ती बोलून दाखवली जात नाही. पोषण आणि झोप सुधारल्यावर पाळी बहुधा परत येते, हे स्वतःहून सांगा.

विस्थापनात कोणतं गर्भनिरोधक चांगलं?

जे तिला हवं आहे ते. त्यानंतर प्रश्न एवढाच की पुढच्या मुक्कामी ते मिळेल का, आणि ते घरच्यांपासून लपवायची गरज आहे का. गोळ्या सोप्या, पण त्या पिशवीत दिसतात आणि संपतात. निघणार असेल तर तीन महिन्यांचा साठा द्या. तीन महिन्यांचं इंजेक्शन दिसत नाही. पुढचं इंजेक्शन चार आठवड्यांपर्यंत उशिरा दिलं तरी चालतं, ही सवलत प्रवासात फार उपयोगी पडते. त्याचा त्वचेखाली द्यायचा प्रकार शिकवला तर बाई स्वतःही टोचून घेऊ शकते. इंजेक्शनाने पाळी अनियमित होते किंवा थांबते हे आधी सांगितलं नाही, तर ‘पोटात रक्त साठतंय’ म्हणून ती दुसऱ्या वेळी येत नाही. ते बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने लागू शकतात, हेही सांगायचं.

दंडात बसवायची सळी प्रकारानुसार तीन किंवा पाच वर्षं, तांबी दहा वर्षं चालते. दोन्ही उत्तम, पण काढण्याची सोय नसलेल्या ठिकाणी नुसती बसवत सुटणं हा अन्याय आहे. बसवतानाच तारीख, प्रकार आणि कोणत्या दंडात ते कार्डावर लिहा. फक्त अंगावर पाजण्यावर विसंबायचं असेल तर तीन अटी एकाच वेळी पूर्ण व्हायला हव्यात : बाळ सहा महिन्यांच्या आतलं, दिवसरात्र फक्त आईचं दूध, आणि पाळी परत आलेली नाही. इस्ट्रोजेन असलेल्या मिश्र गोळ्या अंगावर पाजणाऱ्या आईला बाळंतपणानंतर सहा आठवड्यांच्या आत देऊ नयेत, आणि सहा महिन्यांपर्यंत शक्यतो टाळाव्यात.

लैंगिक अत्याचारानंतर स्त्री आली तर काय करायचं, कोणत्या क्रमाने?

दार बंद करा. खोलीत ती, तपासणारी व्यक्ती आणि तिला हवी असेल तर सोबतीण, एवढेच राहा. रक्तस्राव, श्वास किंवा पोटात तीव्र दुखणं असेल तर आधी तो उपचार. नसेल तर काय काय करता येईल ते सांगा, आणि त्यातलं काहीही ती नाकारू शकते हेही सांगा. प्रत्येक टप्प्यावर पुन्हा विचारा. ‘आता हात लावते, चालेल?’ एवढं वाक्य पुरतं, पण तिने नकार दिला तर खरोखर थांबायला हवं.

मग वेळेचा हिशेब. एचआयव्ही टाळण्याची औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, आणि 28 दिवस पूर्ण घ्यावी लागतात. गर्भधारणा टाळण्यासाठी लेव्होनॉर्जेस्ट्रेल 1.5 मिलिग्रॅमची एकच मात्रा 120 तासांपर्यंत देता येते, पण तिचा परिणाम दर दिवसागणिक घटतो. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा द्यायची. युलिप्रिस्टल 30 मिलिग्रॅम किंवा पाच दिवसांच्या आत तांबी हेही पर्याय आहेत, आणि तांबी सर्वांत खात्रीची. गर्भचाचणी झाल्याशिवाय गोळी नाही, अशी अट घालू नका. आधीच दिवस गेलेले असतील तर या गोळीने गर्भाला धोका होत नाही. लैंगिक संसर्गांवरची प्रतिजैविकं लक्षणांची वाट न पाहता द्यायची. हेपॅटायटिस ‘बी’ची लस 14 दिवसांच्या आत, जखमा असतील तर धनुर्वाताची.

पाच दिवस उलटून गेल्यावर आलेल्या बाईला ‘उशीर झाला’ म्हणून परत पाठवू नका. संसर्गावरचे उपचार, लस, गर्भधारणा झाली असेल तर पुढचे पर्याय आणि मनाला आधार हे सगळं तेव्हाही देता येतं.

पोलिसांत तक्रार ही उपचाराची पूर्वअट नाही. तुमच्या देशात डॉक्टरांवर कळवण्याची सक्ती असेल तर ते तिने काही सांगायच्या आधी तिला सांगा. न्यायवैद्यक नमुने तिची संमती असेल आणि ते तपासणारी प्रयोगशाळा असेल तरच घ्या. कपाटात पडून राहणाऱ्या नमुन्यांसाठी तिला पुन्हा त्या त्रासातून नेऊ नये. कौमार्य चाचणी किंवा दोन बोटांची चाचणी कधीही करायची नाही. त्यातून काहीही सिद्ध होत नाही, आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी 2018 मध्ये कौमार्य चाचणीवर बंदीची मागणी एकत्रितपणे केली आहे.

28 दिवसांची औषधं मध्येच का सुटतात? मळमळ होते, आणि डबी सापडली तर घरच्यांना काय सांगायचं हा प्रश्न असतो. गोळ्या साध्या, नाव नसलेल्या पाकिटात द्या, जेवणानंतर घ्यायला सांगा आणि 28 दिवसांचा सगळा साठा पहिल्याच भेटीत द्या. तीन-चार दिवसांच्या देऊन परत बोलावण्याची पद्धत इथे घातक ठरते.

घडलेलं सगळं सांगायला लावलं तर मन हलकं होतं, असं म्हणतात. तसं करावं का?

नको. घटनेनंतर लगेच सगळं तपशिलाने वदवून घेण्याचा फायदा होत नाही, आणि काहींना त्याने अपाय होतो. ती बोलू लागली तर ऐका, गप्प राहिली तर शेजारी बसा. मानसिक प्रथमोपचाराचं सूत्र साधं आहे : पाहा, ऐका, जोडून द्या. तिला आत्ता कशाची नड आहे ते विचारा. पुष्कळदा उत्तर येतं : हरवलेल्या मुलाचा पत्ता, अंघोळ, कोरडे कपडे. ते मिळवून देणं हा मानसिक आधारच आहे. पहिल्या महिन्यात तणावाच्या लक्षणांसाठी डायझेपामसारख्या गोळ्या सरसकट देऊ नयेत. त्यांची सवय लागते आणि सावरणं लांबतं.

सगळ्याच निर्वासित स्त्रियांना मानसिक आजार असतो का?

नाही, आणि तसं समजणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार संघर्षग्रस्त भागांत कोणत्याही वेळी सुमारे 22 टक्के लोकांना काही ना काही मानसिक विकार असतो. म्हणजे बहुतेकांना नसतो. रडणं, झोप न येणं, दचकणं, चिडचिड या आघातानंतरच्या स्वाभाविक प्रतिक्रिया आहेत. दिवसाची दिनचर्या, स्वयंपाक स्वतः करायची सोय, मुलांची शाळा, ओळखीच्या बायकांचा सहवास आणि पुढे काय होणार याची खरी माहिती मिळाली की त्यातल्या बऱ्याच ओसरतात. आश्रयाच्या अर्जाचा निकाल महिनोन्महिने न कळणं हे मनाला गतकाळातल्या हिंसेइतकंच पोखरतं. त्यावर गोळी नाही, पण तारीख विचारून येऊन सांगणारा माणूस मिळाला तरी फरक पडतो.

बाळंतपणानंतरचं नैराश्य कसं ओळखायचं?

पहिल्या आठवड्यातलं रडू बहुधा दोन आठवड्यांत थांबतं. त्यानंतरही उदासी, बाळाकडे ओढ न वाटणं, बाळ झोपलं तरी झोप न लागणं, आपण वाईट आई आहोत ही बोचणी राहिली तर ते नैराश्य असू शकतं. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत बाळंतपणानंतर सुमारे पाचातल्या एका बाईला मानसिक विकार होतो, त्यात नैराश्य प्रमुख. विस्थापनात धोका आणखी वाढतो.

मात्र ‘मला नैराश्य आलंय’ असं कोणी म्हणत नाही. तक्रारी येतात त्या डोकं जड होण्याच्या, छातीत धडधडण्याच्या, कंबर धरण्याच्या, दूध आटल्याच्या, ‘फार विचार येतात’ अशा. तपासणीत काही निघत नाही, जीवनसत्त्वाच्या गोळ्या मिळतात आणि बाई दुखणं अंगावर काढत राहते. तीच तक्रार तिसऱ्यांदा आली की मनाबद्दल विचारायचंच, असा नियम ठेवा.

दहा प्रश्नांची एडिनबर्ग प्रश्नावली गेल्या सात दिवसांबद्दल विचारते. एकूण 30 गुण, 13 किंवा जास्त असतील तर सविस्तर तपासणी. ही सीमारेषा भाषेनुसार बदलते, म्हणून तिच्या भाषेतलं तपासून घेतलेलं भाषांतरच वापरा. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचाराबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर एकूण गुण कितीही कमी असोत, तिला त्याच दिवशी तपासायचं. आणि पुढे पाठवायची काहीच सोय नसेल तर आधी सोय करा, मग प्रश्नावल्या भरा.

मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर उपचार कोण करणार?

प्रशिक्षण आणि देखरेख मिळाली तर आरोग्यसेविका करू शकतात, याला भक्कम पुरावा आहे. पाकिस्तानच्या ग्रामीण भागात गरोदर व बाळंतीण स्त्रियांसाठी आरोग्यसेविकांनी घरी जाऊन केलेल्या समुपदेशनाचा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी उपचार गटात 23 टक्के, तर दुसऱ्या गटात 53 टक्के स्त्रिया नैराश्यात होत्या. युगांडात दक्षिण सुदानच्या निर्वासित स्त्रियांसाठी ध्वनिमुद्रित सूचनांवर चालणारे पाच सत्रांचे मोठे गट घेतले गेले. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातही त्रास घटल्याचं दिसलं. एकेकीसाठी पाच आठवडे, दर आठवड्याला दीड तास अशीही एक पद्धत आहे. त्यात संथ श्वास, अडचणींची फोड, छोट्या कामांनी पुन्हा सुरुवात आणि माणसं जोडणं शिकवतात.

हे फसतं ते बहुधा दोन कारणांनी. सत्राच्या वेळी मुलांना सांभाळायला कोणी नसतं आणि सत्राची वेळ रेशनच्या रांगेच्या वेळेवरच येते. किंवा प्रशिक्षणानंतर सेविकेला दर आठवड्याची देखरेख मिळत नाही, आणि काही महिन्यांत ती स्वतःच थकून जाते.

तीव्र नैराश्यात औषध लागतं. अंगावर पाजताना सर्ट्रालिन सहसा चालतं, फक्त बाळ पाजतेय म्हणून औषध नाकारू नये. व्हॅल्प्रोएट मात्र दिवस जाण्याची शक्यता असलेल्या स्त्रीला देऊ नये, त्याने गर्भात व्यंग निर्माण होतं. मिरगी किंवा मानसिक आजारासाठी मायदेशात ते चालू असेल तर एकदम बंदही करायचं नाही. डॉक्टरांकडून बदलून घ्यायचं.

आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर ते डोक्यात भरवल्यासारखं होणार नाही का?

होत नाही. ‘जगणं नको वाटतं का? जीव द्यायचा विचार येतो का? कसा, ते ठरवलंय का?’ असं सरळ विचारा. ठरवलं असेल तर तिला एकटं सोडू नका, कीटकनाशक, रॉकेल, साठवलेल्या गोळ्या, दोर दूर करा, आणि विश्वासाच्या माणसाला तिच्या संमतीने सांगा. जीव धोक्यात असेल तर संमतीशिवायही सांगावं लागेल, हे तिला सांगून.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अचानक झोप पूर्ण उडणं, असंबद्ध बोलणं, भास, बाळाबद्दल विचित्र कल्पना दिसल्या तर तो बाळंतवेड, हजारात एकदोघींना होणारा. त्याच तासाला रुग्णालय. मांत्रिकाकडे नेण्याची घरच्यांची घाई असेल तर भांडू नका. प्रार्थना चालू राहू द्या, गाडी मात्र सुटू द्या.

दुभाषी नाही, नवऱ्याला किंवा मुलीला भाषा येते. चालेल का?

पाणी-रेशनच्या गोष्टींसाठी चालेल, या विषयांसाठी नाही. नवऱ्यासमोर मारहाण सांगता येत नाही आणि दहा वर्षांच्या मुलीच्या तोंडून आईचा गर्भपात यायला नको. प्रशिक्षित स्त्री दुभाषी शोधा. जवळची नसेल तर फोनवरची घ्या. कित्येकदा तीच बरी, कारण आपल्याच वस्तीतल्या बाईसमोर बोलायची भीती असते. फोनवर रुग्ण बाईचं नाव घेऊ नका. दुभाषीने ‘ती म्हणते की’ न म्हणता ‘मी’ असंच बोलावं, काही गाळू नये, सल्ला देऊ नये. बसायला तिला रुग्णाच्या किंचित मागे जागा द्या, आणि तुम्ही बाईकडे पाहून बोला. अत्याचाराची कहाणी भाषांतरित करणारीही त्यातून गेलेली असू शकते, तेव्हा बैठकीनंतर तिची विचारपूस करा.

खतना (बाह्य जननेंद्रियाचा भाग कापण्याची प्रथा) झालेल्या स्त्रीची प्रसूती कशी हाताळावी?

योनीमुख शिवून अरुंद केलेलं असेल तर ते शस्त्रक्रियेने उघडावं लागतं. हे गरोदरपणात किंवा प्रसूतीच्या वेळीही करता येतं, पण आधी ठरवलेलं असेल तर घाई होत नाही. नंतर पुन्हा शिवून देण्याची मागणी झाली तरी तसं करायचं नाही, आणि ते प्रसूतीआधीच दोघा नवराबायकोंना समजावून सांगायचं. तपासताना चेहऱ्यावर आश्चर्य दिसू देऊ नका, शिकाऊ विद्यार्थ्यांना बघायला बोलावू नका.

घरात मारहाण होत असल्याचा संशय आहे. विचारावं कसं?

एकटी असताना. ‘बऱ्याच घरांत अशा काळात भांडणं हातघाईवर येतात, तुमच्याकडे असं होतं का?’ ती हो म्हणाली तर तिच्यावर विश्वास ठेवा आणि नवरा सोडायचा सल्ला देऊ नका. सोडायच्या सुमारास धोका सर्वांत जास्त असतो. कुठे पळता येईल, कागदपत्रं कुठे ठेवायची, कोणती शेजारीण ओरडा ऐकून येईल, मुलांना काय सांगायचं याची योजना तिच्यासोबत बसून करा. मदतकेंद्राचं पत्रक हाती देण्याआधी ते घरी नेणं सुरक्षित आहे का ते विचारा. नंबर पाठ करून घेणं जास्त बरं.

मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यानेच रेशनच्या बदल्यात शरीराची मागणी केली तर?

हा गुन्हा आहे, तिचा त्यात काही दोष नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2003 च्या नियमाने पैसा, वस्तू, काम किंवा मदतीच्या बदल्यात लैंगिक संबंध आणि 18 वर्षांखालील कोणाशीही संबंध पूर्ण निषिद्ध केले आहेत. तक्रारीची वाट त्या कर्मचाऱ्याच्या संस्थेबाहेरची हवी, आणि तक्रार केल्याने रेशन बंद होणार नाही याची हमी लेखी हवी. वाटप करणाऱ्यांत स्त्रिया असल्या की हे प्रकार कमी होतात.

ती पुढच्या देशात किंवा शहरात निघाली आहे. सोबत काय द्यावं?

हातात मावेल असं एक कार्ड, पाणी लागू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि शक्य असेल तर त्याचा फोटो तिच्या फोनमध्ये. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख, रक्तगट, हिमोग्लोबिन, रक्तदाब, मागच्या प्रसूती आणि सिझेरियन झालं असल्यास त्याचं वर्ष, धनुर्वाताच्या लसीच्या तारखा, चालू औषधं मिलिग्रॅमसह, आणि गर्भनिरोधकाचा प्रकार व तारीख. औषधाचं व्यापारी नाव नको, मूळ नाव लिहा, दुसऱ्या देशात तेच समजतं.

अत्याचार, एचआयव्ही, गर्भपात आणि मानसिक आजाराचं निदान या कार्डावर लिहायचं नाही. नाक्यावर, रांगेत, घरात ते कोणाच्याही हाती पडू शकतं. तिला हवं असेल तर वेगळं पत्र बंद पाकिटात द्या आणि त्यात काय लिहिलंय ते तिला वाचून दाखवा. औषधं किमान महिन्याभराची द्या, नैराश्यावरची गोळी चालू असेल तर तीन महिन्यांची, आणि ती अचानक बंद केल्यास चक्कर, मळमळ, बेचैनी होते हे सांगा. पण जीव द्यायचा विचार नुकताच येऊन गेला असेल, तर एवढा साठा तिच्या हाती न देता सोबतच्या विश्वासू माणसाकडे द्या.